पॉवर विंडो: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं, आणि बदलायचीच असेल तर कशी

एप्रिल-मे आला की लातूर असो, बीड असो की जालना, गॅरेजात एक तक्रार हमखास येते: काच खाली जाते, वर येत नाही. पारा 42 च्या पुढे, गाडी दिवसभर उन्हात उभी, दाराच्या पत्र्याला हात लावता येत नाही. निदान बहुतेक वेळा उभ्या उभ्याच होतं, 'मोटर गेली'. नवी मोटर बसते, काच चालायला लागते आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच दार परत गॅरेजात येतं.

याचं कारण बहुतेक वेळा मोटरीच्या बाहेर असतं. काच ज्या रबरी चॅनलमधून वर-खाली होते तो कडक झालेला असेल, त्यात माती बसलेली असेल, तर कुठलीही मोटर रोज ओव्हरलोडवर चालते आणि मरते. आपल्याकडे चॅनल खराब व्हायला तीन कारणं पुरेशी आहेत. एक, ऊन: रबर सुकतं आणि त्याच्या आतली मखमली लव झडते. दुसरं, काळ्या मातीचा फुफाटा: हा इतका बारीक असतो की बंद काचेच्या फटीतूनही आत जातो, आणि पहिल्या पावसात त्याचा चिकट गाळ होतो. तिसरं, बोअरचं पाणी. क्षाराच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की काचेवर पांढरे डाग बसतात. बोट फिरवलं तर काच खरखरीत लागते, आणि तीच खरखर रबराला घासत राहते. म्हणून मोटरीकडे वळायच्या आधी बाकी सगळं तपासणं गरजेचं आहे. त्यात अर्धा तास जातो, पण एक मोटर वाचू शकते.

आत काय असतं

मोटर साधी असते: 12 व्होल्ट डीसी, कायमचुंबक, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आणि त्याला करंट पोचवणारे दोन कार्बन. तिच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर असतो, तो प्लॅस्टिकच्या मोठ्या चाकाला फिरवतो आणि ते चाक रेग्युलेटरला. रेग्युलेटर म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा: एक तारेची, जिच्यात ड्रमवर गुंडाळलेली तार काचेचा स्लायडर ओढते, आणि दुसरी कैचीसारख्या लोखंडी हातांची. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह अदलाबदल केले की मोटर उलटी फिरते. स्विच एवढंच काम करतो. वर्म गिअर उलट्या बाजूने फिरवता येत नाही, म्हणून बटन सोडल्यावर काच जिथल्या तिथे थांबते. हाताने दाबून काच खाली सरकत असेल तर रेग्युलेटरची तार तुटली आहे, त्याचा प्लॅस्टिकचा स्लायडर फुटला आहे, काच खालून धरणाऱ्या क्लॅम्पातून सुटली आहे किंवा मोटरीच्या आतल्या प्लॅस्टिक चाकाचे दाते गेले आहेत. अशा वेळी मीटर लावत बसू नका, सरळ दार उघडा.

मोटरीच्या आत उष्णतेपासून बचाव करणारा एक लहानसा भागही असतो. मोटर अडकली किंवा फार तापली की तो करंट तोडतो आणि थंड झाल्यावर परत जोडतो. काच अर्ध्यात थांबली आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालली, तर हाच भाग काम करतोय. उन्हात दार आधीच तापलेलं असतं, त्यामुळे तो लवकर सुटतो. म्हणजे मोटर मेलेली नाही, पण तिच्यावर भार जास्त आहे.

लक्षणं

बटन दाबल्यावर मोटरीचा आवाज येतो पण काच हलत नाही: रेग्युलेटर किंवा गिअरचे दाते. करकर असा आवाज येऊन काच तिरकी होत असेल तर रेग्युलेटरच्या तारेचे पदर सुटून ड्रममध्ये गुंतले आहेत. बटन दाबणं तिथेच थांबवा, नाहीतर काच चॅनलमधून निघेल.

ड्रायव्हरच्या बटनावर चालत नाही, पण त्या दाराच्या स्वतःच्या बटनावर चालते: मोटर चांगली आहे. ड्रायव्हरकडचा मुख्य स्विच किंवा मधली वायर बघा. त्या दाराच्या बटनावर चालत नाही पण ड्रायव्हरकडून चालते, तर आधी विंडो लॉकचं बटन बघा. यात कित्येकांचे पैसे वाया गेले आहेत.

फक्त एकाच दिशेला चालते: हे लक्षण नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चांगल्या मोटरी फेकल्या जातात. साध्या सर्किटमध्ये बटन सोडलेलं असताना मोटरीच्या दोन्ही तारा स्विचमधून अर्थला जोडलेल्या असतात. वर दाबलं की एका तारेला पॉझिटिव्ह मिळतो आणि दुसरी अर्थवरच राहते. खाली दाबलं की उलट. म्हणजे एका दिशेला मोटर ताकदीने फिरते आणि दुसऱ्या दिशेला अजिबात हूं की चूं करत नाही, तर स्विचच्या चार संपर्कांपैकी एक जळालेला आहे. खाली जाते पण वर जाताना रखडते, ही वेगळी गोष्ट. तिथे घर्षण किंवा कमजोर मोटर असू शकते, कारण खाली जाताना काचेचं वजन मदत करतं.

दोन्हीकडे मंद चालते: व्होल्टेज कमी मिळतंय किंवा कार्बन संपलेत.

आणि काहीच होत नाही तेव्हा गाडीतला दिवा लावून बटन दाबा. दिवा किंचित मंद झाला तर करंट जातोय आणि मोटर अडकलेली आहे. दिवा जराही हलला नाही तर सर्किट कुठेतरी तुटलंय. दिवा एलईडीचा असेल तर हा फरक दिसत नाही, तेव्हा बॅटरीवर मीटर लावून बघा.

दार न उघडता

इंजिन चालू ठेवूनच तपासा. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, चालू गाडीत 13.8 ते 14.5. उन्हाळ्यात थकलेल्या बॅटरीवर चारही काचा मंद चालतात, आणि दोष एकाच दाराला दिला जातो. सर्वांत सोपी फूटपट्टी म्हणजे समोरासमोरची दारं. डावी-उजवी पुढची काच एकसारखीच असते, तेव्हा दोघींचा वर जायचा वेळ मोजा. मागची काच लहान असते, तिच्याशी पुढची तोलू नका.

मग चॅनल. काच पूर्ण खाली घ्या, दोन्ही उभ्या चॅनलमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीला ओला फडका गुंडाळून फिरवा. काळा चिखल निघेल. फडका स्वच्छ निघेपर्यंत करा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. काच पाच-सहा वेळा वर-खाली करा, पण मध्ये मध्ये थांबून, नाहीतर मोटर तापेल. वेग ठळकपणे वाढला तर दोष घर्षणाचा आहे, मोटर राहू द्या. स्प्रेचा परिणाम दोन-चार दिवसांत जात असेल तर चॅनलची लव गेलेली आहे, रबर बदला. रबराची किंमत मोटरीपेक्षा बरीच कमी असते.

डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस यातलं काहीही चॅनलमध्ये टाकू नका. तेलाने रबर फुगतं, काच आणखी घट्ट होते आणि आपला फुफाटा त्याला चिकटून बसतो. काचेवरचे क्षाराचे डाग व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून काढा, नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. काचेला फिल्म असेल आणि तिची खालची कड सुटली असेल, तर ती कंबरपट्टीच्या रबरात, म्हणजे काच जिथून दारात शिरते तिथल्या आडव्या रबरात, गोळा होते. तीही बघून घ्या.

फ्यूज शेवटी नाही, इथेच बघा. विंडोचा फ्यूज बहुतेक गाड्यांत 20 ते 30 अँपिअरचा असतो, नेमका कुठला ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा घालू नका. दारातली वायर त्यापेक्षा लवकर जळते.

स्विचचा संशय असेल तर मागच्या दोन दारांचे एकसारखे स्विच अदलाबदल करा. दोष स्विचबरोबर सरकला तर प्रश्न मिटला.

मीटर, पण भारावर

दाराचं पॅड (आतल्या बाजूचं आवरण) काढल्यावर मोटरीचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग दिसतो. इथे बरेच जण कपलर काढून टेस्ट लॅम्प लावतात, लॅम्प पेटतो आणि निष्कर्ष निघतो की वायरिंग ठीक आहे, मोटर खराब. हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. एलईडीच्या टेस्टरला काही मिलिअँपिअर पुरतात. वायरीचे वीसपैकी दोन पदर शिल्लक असले तरी तो लख्ख पेटतो, पण मोटरीला लागणारे अँपिअर त्या दोन पदरांतून जात नाहीत.

म्हणून भार देऊन तपासा. जुना 55 वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि मोटरीच्या कपलरमध्ये लावून बटन दाबा. हा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे चालत्या मोटरीच्या जवळपास. बल्ब पूर्ण उजेडात पेटला तर वायरिंग आणि स्विच दोन्ही ठीक. पिवळट, मंद पेटला तर मोटरीला हात लावू नका. एवढा एक बल्ब टूलबॉक्समध्ये असला तर निम्मं निदान बिनचूक होतं, असं माझं ठाम मत आहे.

बल्ब मंद असेल तर तूट शोधा. कपलर मोटरीला जोडलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने मीटरची सुई घाला. बटन दाबलेलं असताना बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि मोटरीचा पॉझिटिव्ह यांच्यात किती व्होल्ट दिसतात ते बघा. मग हेच निगेटिव्हच्या बाजूला करा. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. एक-दीड व्होल्ट खाल्ले जात असतील तर ती बाजू पकडा. निगेटिव्ह बाजूही स्विचमधूनच जाते, हे विसरू नका.

तूट बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडते: स्विचचे संपर्क, दाराच्या बिजागराजवळचा रबरी नळा, आणि डॅशच्या खालचा बॉडी अर्थ, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली जागा. रबरी नळा सगळ्यात फसवा. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं आणि वायर आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. नळा मागे सरकवून एकेक वायर हलक्या हाताने ओढा. जी ताणली जाते ती तुटलेली आहे. दार अर्धवट उघडून बटन दाबलं आणि काच चालली, मिटल्यावर थांबली, तर हीच जागा. जोड देताना त्याच जाडीची लवचिक, बारीक पदरांची वायर घ्या, सोल्डरचा डाग द्या, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा आणि जोड नळ्याच्या बाहेर येईल असा ठेवा. नळ्याच्या आत डाग दिलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. साधी पीव्हीसी टेप उन्हात गोंद सोडते, ती इथे चालत नाही.

करंट मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. घरगुती वायरिंगचा साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवून मालिकेत लावू नका. काच वरच्या टोकाला टेकली की मोटर 15-20 अँपिअर ओढू शकते आणि मीटरचा फ्यूज जातो. काच वर जाताना साधारण 4 ते 7 अँपिअर ठीक. 10 च्या वर सलग राहत असेल तर घर्षण आहे किंवा मोटर आतून जड झाली आहे. कुठलं ते काच क्लॅम्पातून सोडवून मोटर रिकामी चालवली की कळतं. रिकाम्या रेग्युलेटरवरही करंट जास्तच असेल तर मोटर किंवा रेग्युलेटर.

व्होल्टेज पूर्ण आहे आणि मोटर गप्प आहे, तर बटन दाबून धरा आणि मोटरीच्या बाजूवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलका ठोका द्या. चालली, तर कार्बन संपले आहेत. आता मोटर बदलायला हरकत नाही.

मोटर घेताना

डावी आणि उजवी मोटर बहुतेक गाड्यांत एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, बदलून बसत नाहीत. मोटरीवरचा पार्ट नंबर, बाहेर आलेल्या गिअरचे दाते, स्क्रूच्या छिद्रांची जागा आणि कपलरच्या पिना, या चारही गोष्टी जुनी मोटर हातात धरून जुळवा. दोन पिनांची मोटर साधी. त्यापेक्षा जास्त पिना असतील तर आत इलेक्ट्रॉनिक भाग आहे, बोट अडकलं की काच उलटी फिरवणारी सोय असलेल्या गाड्यांत असते तशी. अशा मोटरीला बॅटरीवरून थेट करंट देऊन तपासू नका, आतला बोर्ड जाईल.

फक्त मोटर की रेग्युलेटरसकट पूर्ण सेट? तारेचा एक जरी पदर सुटला असेल, स्लायडरला चीर असेल, तर पूर्ण सेट. त्यात पैसा वाचवण्यासारखं काही नाही. जुन्या मालाच्या बाजारातून मोटर घेणार असाल तर दुकानातच 12 व्होल्टवर दोन्ही दिशांना चालवून बघा, आणि कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतील तर ठेवून द्या. ती पाणी पिलेली मोटर आहे.

बदलायची रीत

काम सकाळी, सावलीत करा. दाराच्या आतली प्लॅस्टिक शीट ब्यूटाइल नावाच्या काळ्या चिकट रबराने चिकटवलेली असते. दुपारच्या उन्हात ते वितळून त्याच्या तारा निघतात आणि सगळीकडे लागतात. सकाळी ते ब्लेडने स्वच्छ कापता येतं. पॅडच्या सात-आठ नवीन क्लिपा आधीच आणून ठेवा. उन्हाने जुन्या ठिसूळ झालेल्या असतात, निम्म्या तरी तुटतात. बाकी हत्यारं थोडी: प्लॅस्टिकची पट्टी, चौफुली स्क्रू ड्रायव्हर, 8 आणि 10 नंबरचे सॉकेट, टॉर्क्स बिट, रुंद मास्किंग टेप आणि हातमोजे. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा हात कापतात.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. दारात पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगच्या यंत्रणेचा असतो, त्याला हात लावू नका आणि निगेटिव्ह काढल्यावर काही मिनिटं थांबून मगच काम सुरू करा. पॅडचे स्क्रू लपलेले असतात: आतल्या हँडलच्या वाटीत, हात टेकायच्या खाचेत, आरशामागच्या तिकोनी तुकड्याखाली. ते सगळे निघाल्याशिवाय पॅड ओढू नका. खालच्या कडेपासून क्लिपा सोडवा, मग पॅड वर उचला. मागे हँडलची केबल आणि स्विचचा कपलर असतो, तो आधी सोडवा.

काच सोडवायला ती अशा उंचीवर हवी की क्लॅम्पचे दोन बोल्ट पत्र्याच्या छिद्रांतून दिसतील. त्यासाठी निगेटिव्ह आणि स्विच तात्पुरते जोडून काच हलवावी लागते. मोटर पूर्ण मेलेली असेल आणि ती दोन पिनांची असेल, तर बॅटरीवरून 20 अँपिअरचा फ्यूज घातलेल्या दोन वायरींनी थोडा थोडा करंट देऊन काच त्या उंचीवर आणा. बोल्ट सैल करा, काच हाताने पूर्ण वर ढकला आणि दाराच्या चौकटीवरून आत-बाहेर अशा दोन ठिकाणी टेप लावा. टेप लावायच्या आधी काच पुसा, धुळीवर टेप धरत नाही.

आता मोटरीचे तीन स्क्रू. इथे एक धोका आहे. कैचीच्या रेग्युलेटरला तोल सांभाळणारी जाड स्प्रिंग असते. मोटर काढली की कैचीचा दात सुटतो आणि तिचा लोखंडी हात झटक्यात फिरतो, तुमचं बोट मोडू शकतं. मोटर काढण्याआधी कैचीचा हात पत्र्याला बोल्टने किंवा क्लॅम्पने बांधा. तारेच्या रेग्युलेटरमध्ये मोटर उचलताना ड्रम वर येऊन तार सुटते, म्हणून ड्रम अंगठ्याने दाबून धरा.

नवी मोटर बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावा. काच क्लॅम्पात बसवा, टेप काढा, बॅटरी जोडा आणि काच पूर्ण वर न्या. वर टेकलेल्या अवस्थेत तिने चॅनलमध्ये आपली जागा घेतली की मग क्लॅम्पचे आणि रेग्युलेटरचे बोल्ट आवळा. आधीच आवळले तर काच तिरकी चालते आणि नवी मोटर पहिल्या दिवसापासून जादा करंट ओढते. रेग्युलेटरच्या धातूच्या पट्टीवर पांढरं लिथियम ग्रीस, अगदी थोडं. बोट अडकल्यावर उलट फिरणारी काच असेल तर तिला नवी हद्द शिकवावी लागते: सहसा काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर, आणि बटन काही सेकंद धरून ठेवायचं. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात बघा.

पॅड लावायच्या आधी शीट परत चिकटवा. तिची खालची कड दाराच्या खाचेच्या आत गेली पाहिजे, म्हणजे काचेवरून उतरलेलं पाणी दारातच राहून खाली निघून जाईल. बाहेर राहिली तर पाणी पॅडमागून मॅटवर येतं. ब्यूटाइल सुकलं असेल तर नवी ब्यूटाइल टेप मिळते. शीट फाडून फेकून देणारे मिस्त्री आहेत, त्यांना तिथेच थांबवा. दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची छिद्रंही आत्ताच केबल टायच्या टोकाने मोकळी करा. काळ्या मातीचा गाळ वाळून तिथे दगडासारखा बसतो, दारात पाणी साचतं आणि मोटर त्यात भिजते.

जुनी मोटर लगेच भंगारात देऊ नका, तिचं झाकण उघडून बघा. कार्बन सारखे झिजून संपलेले असतील आणि आत बाकी स्वच्छ असेल, तर ती आपलं आयुष्य जगून गेली. तांबं हिरवं आणि चुंबकाला गंज असेल तर पाणी शिरलं होतं, शीट आणि छिद्रं पुन्हा तपासा. वाइंडिंग काळं पडून जळकट वास येत असेल तर नव्या मोटरीवर समाधान मानू नका, त्या दाराचे दोन्ही चॅनल रबर आजच बदलून घ्या.